जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल? उसाच्या ट्रॅक्टरला 'वीस-पन्नास' टाकण्याआधी हे वाचा

उसाचा हंगाम, उन्हाळी नांगरट, टोमॅटोचा पिकअप. ओझं वाढलं की आपण सगळ्यात आधी ऑइलची जाडी वाढवतो. पण डब्यावरचे आकडे नेमकं काय सांगतात? जाड ऑइल कधी तारतं आणि कधी इंजिनाचं दुखणं लपवतं? समजून घेऊ.

"ऊस सुरू झालाय ना? मग वीस-पन्नास टाका. इंजिन दमणार नाही."

गेल्या हंगामात निमगाव साव्यात माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, मिळालेला हा सल्ला. ट्रॅक्टर सात वर्षांचा, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. दुपारी इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा खाली यायला लागला होता. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलेलं. तात्यांनी मला पुण्यात फोन केला. माझी पदवी मेकॅनिकलची, नोकरी बातम्यांच्या डिजिटल डेस्कवर. समोर तीन बातम्या अर्धवट होत्या. मी म्हणालो, "मिस्त्री म्हणतात ते करा."

ऑइल बदललं, काटा वर आला. तात्या खूश. "बघ, इंजिन पुन्हा तरणं झालं." दोन महिने ट्रॅक्टर पळाला. फेब्रुवारीत भरल्या ट्रॉल्यांसह चढाला लागला आणि आतून ठोका यायला लागला. इंजिन खोललं तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. क्रँक घासून घ्यावी लागली. बिल लाखाच्या घरात गेलं आणि ऐन हंगामात वीस दिवस ट्रॅक्टर दारात उभा राहिला.

खोलल्यावर आणखी दोन गोष्टी सापडल्या. एअर फिल्टरच्या पाइपाची क्लिप सैल होती, त्यामुळे फडातली धूळ थेट इंजिनात जात होती. आणि रेडिएटरच्या जाळीत उसाच्या पाचटाचा भुगा गच्च बसला होता. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जाड ऑइलने इंजिन वाचवलं नाही, फक्त काटा वर नेऊन आम्हाला दोन महिने गाफील ठेवलं.

म्हणून हा लेख. तात्यांच्या फोनवर जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहितोय.

डब्यावरचे दोन आकडे काय सांगतात?

१५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३०. गॅरेजमध्ये याला 'पंधरा-चाळीस', 'वीस-पन्नास', 'पाच-तीस' म्हणतात. हे आकडे अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' म्हणजे एसएई या संस्थेच्या मानकातले. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९११ पासून ऑइलची जाडीनुसार वर्गवारी सुरू केली.

जाडी म्हणजे वाहायला होणारा विरोध. शाळेच्या पुस्तकात याला श्यानता म्हणतात. आपल्या भागात ती समजावायला काकवी पुरे. गुऱ्हाळावरची गरम काकवी पाण्यासारखी ओघळते, तीच हिवाळ्यात बाटलीतून निघता निघत नाही. पदार्थ तोच, फरक तापमानाचा. इंजिन ऑइलचंही तसंच आहे.

- डब्ल्यूच्या आधीचा आकडा: डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत ऑइल किती सहज फिरेल, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितकं थंडीत पातळ.
- डब्ल्यूच्या नंतरचा आकडा: इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती जाड राहील ते हा सांगतो. मानकानुसार ३० ग्रेडची जाडी १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९.

एक गैरसमज इथेच संपवू. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन ऑइलं तापल्यावर एकाच ग्रेडची असतात. 'वीस-चाळीस उन्हाळ्याला जास्त जाड' हे खरं नाही. फरक आहे तो सकाळी थंड इंजिन सुरू करतानाचा.

आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग पहिल्या आकड्याचं काय काम?

प्रश्न रास्त आहे. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. जुन्नर-आंबेगावात कडाक्याच्या थंडीतही पारा इतका खाली उतरत नाही. त्यामुळे ऑइल गोठून इंजिन फिरणारच नाही, ही भीती आपल्याला नाही.

पण इंजिन फिरणं वेगळं आणि ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत पोचणं वेगळं. नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल दहा अंशांच्या पहाटे जितकं जाड असतं, ते तापलेल्या इंजिनातल्या जाडीच्या चाळीस पटीहून जास्त भरतं. २०डब्ल्यू-५० त्याच पहाटे त्याहूनही दीडपट जाड असतं. इंजिन सुरू झाल्यावर ऑइल सगळीकडे पोचेपर्यंतचे ते काही क्षण धातूवर धातू घासण्याचे. पहाटे चारला फडावर जाणारा ट्रॅक्टर किंवा दुधाचा टेम्पो हे रोज सोसतो.

मग ओझ्याखाली, उन्हात नेमकं काय होतं?

आता मूळ मुद्दा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. त्या फटीत ऑइलचा थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरते. थर फाटला की धातू धातूला लागला. ओझं जितकं जास्त, फेरे जितके कमी आणि ऑइल जितकं पातळ, तितका थर फाटण्याचा धोका जास्त. भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन कमी फेऱ्यांवर चढ चढणं म्हणजे या तिन्ही गोष्टी एकदम.

त्यामुळे 'ओझं आहे, जाड टाका' या म्हणण्यात तथ्य आहे. गावातला मिस्त्री वेडा नाही, त्याच्या अनुभवामागे खरं भौतिकशास्त्र आहे. चूक आहे ती पुढच्या हिशेबात.

तो हिशेब असा. नमुन्याचं १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना साधारण साडेचौदा सेंटिस्टोक असतं. तेच १२० अंशांना तापलं की साडेनऊच्या आसपास येतं. म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं असलं तरी ते ३० सारखं वागायला लागतं. २० अंशांच्या वाढीने एक ग्रेड खाल्ला.

आता त्याऐवजी २०डब्ल्यू-५० टाका, पण इंजिन तसंच १२० अंशांना तापू द्या. तिथे त्याची जाडी साधारण पावणेबारा भरते. म्हणजे १०० अंशांवरच्या पंधरा-चाळीसपेक्षा कमीच!

याचा सरळ अर्थ: जास्तीची २० अंश उष्णता घालवणं हे एक ग्रेड जाड ऑइल टाकण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. आणि ही उष्णता घालवायला काय लागतं? रेडिएटरच्या जाळीतलं पाचट काढायचं, फॅनचा पट्टा ताणायचा, कूलंटची पातळी पाहायची. खर्च जवळजवळ शून्य. तात्यांच्या ट्रॅक्टरला हवं होतं ते हेच.

आणखी एक आकडा. अतिउष्ण आणि घर्षणाच्या स्थितीत, १५० अंशांना, ऑइलचा थर किती टिकतो याचीही चाचणी असते. त्यात १५डब्ल्यू-४० ला मानकाने घातलेली किमान अट ३.७ आणि २०डब्ल्यू-५० लाही ३.७ च. प्रत्यक्षात वीस-पन्नास यापेक्षा वर भरतं हे खरं. पण पंधरा-चाळीस हे काही नाजूक ऑइल नाही. भारतात आणि जगभर डिझेलची अवजड वाहनं वर्षानुवर्षं याच ग्रेडवर धावत आली आहेत.

जास्त जाड टाकलं तर बिघडतं काय?

'जाड टाकून बिघडलंय कुणाचं?' हा पारावरचा ठरलेला प्रश्न. उत्तर चार भागांत:

१. काटा वर गेला म्हणजे ऑइल जास्त पोचलं, असं नाही. ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक मापाचंच ऑइल ढकलतो. जाड ऑइलला पुढे सरकायला विरोध जास्त, म्हणून दाब वाढतो. दाब मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगला न जाता परत चेंबरमध्ये पडतं. वाफ्यात पाणी किती गेलं, ते मोटारीवरच्या प्रेशर गेजवरून कळत नाही. व्हॉल्व्ह बंद असला तरी गेज वरच दाखवतो.

२. फिल्टर टाळला जातो. थंड, जाड ऑइल फिल्टरच्या कागदातून जात नाही. तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल फिरतं. धुळीच्या कामात हेच नको असतं.

३. जाड ऑइल स्वतः उष्णता तयार करतं. ते घुसळायला ताकद लागते. ती ताकद डिझेलमधून येते आणि उष्णता होऊन ऑइलमध्येच साठते. शिवाय ऑइल हळू फिरलं की बेअरिंग आणि पिस्टनची उष्णता वाहून नेण्याचं कामही मंदावतं. 'इंजिन गार राहील' म्हणून टाकलेलं ऑइल कधी कधी उलटंच करतं.

४. दुखणं झाकलं जातं. हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा तोटा. तापल्यावर काटा खाली येतोय, म्हणजे इंजिन काहीतरी सांगतंय. बेअरिंग झिजलंय, पंप दमलाय, ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय किंवा इंजिन जास्त तापतंय. जाड ऑइल टाकणं म्हणजे ताप का आलाय ते न बघता थर्मामीटर बदलणं.

जाड ऑइल कधी बरोबर असतं?

जाड ऑइलाशी माझं वैर नाही. काही ठिकाणी ते योग्यच आहे.

पहिली जागा म्हणजे पुस्तिका. बऱ्याच ट्रॅक्टरच्या आणि जुन्या डिझेल गाड्यांच्या पुस्तिकेत ऑइलपुढे एकच ग्रेड नसतो, तापमानाचा तक्ता असतो. बाहेर इतके अंश ते इतके अंश असतील तर हा ग्रेड, त्याहून उष्ण असेल तर तो. या तक्त्यात जाड ग्रेड असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात तुम्ही दिवसभर नांगरट करणार असाल, तर तक्त्यातला वरचा ग्रेड बिनधास्त घ्या. कंपनीने तो त्यासाठीच दिलाय.

दुसरी जागा म्हणजे खूप तास चाललेलं, थोडं ऑइल पिणारं जुनं इंजिन, ज्याचं काम पुढच्या वर्षी काढायचं ठरलंय. तिथे एक ग्रेड वर जाणं हा हंगाम निभावण्याचा मार्ग आहे. पण तो उपाय नव्हे, मुदतवाढ आहे. हे मालकाला माहीत असायला हवं आणि ट्रॅक्टरवरचं ओझं त्या हिशेबाने कमी करायला हवं.

तिसरी जागा म्हणजे मुळातच त्या ग्रेडसाठी बनवलेलं इंजिन. बजाज पल्सरला २०डब्ल्यू-५० आणि रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५० हे कंपनीनेच सांगितलेले ग्रेड आहेत. त्याच जोरावर शेजारच्या स्प्लेंडरमध्ये वीस-पन्नास ओतणं मात्र चूक. तिला १०डब्ल्यू-३० लागतं.

'कंपनी ॲव्हरेजसाठी पातळ ऑइल सांगते' हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. भारतात २०१७ पासून कार कंपन्यांना इंधन-कार्यक्षमतेचे नियम लागू झाले आणि २०२२ पासून ते आणखी कडक झाले. पातळ ऑइलने इंजिनातलं घर्षण कमी होतं आणि थोडं इंधन वाचतं. नव्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-२० दिसण्यामागे हे एक कारण नक्कीच आहे. टोयोटाच्या काही पुस्तिकांत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की सततचा मोठा वेग किंवा अवजड ओझं असेल तर जास्त जाडीचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं.

पण उरलेलं अर्धं विसरू नका. ही इंजिनं पातळ ऑइल धरूनच आखलेली असतात. बेअरिंगच्या फटी, पंपाची क्षमता, ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा, सगळं त्या हिशेबात बसवलेलं असतं. ०डब्ल्यू-२० च्या गाडीत वीस-पन्नास टाकणं म्हणजे ठिबकच्या नळीतून काकवी सोडण्यासारखं आहे. पुस्तिकेत पर्याय दिला असेल तर तो जरूर वापरा. नसेल तर नको.

पिकअपवाल्यांनो, जाडीआधी अक्षरं वाचा

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जाणाऱ्या पिकअपचं दुखणं वेगळं आहे. माळशेज घाटाची चर्चा खूप होते. पण विचार करा, मुंबईकडे जाताना भरलेली गाडी घाट उतरते. तिथे परीक्षा ब्रेकची असते, ऑइलची कमी. इंजिनाची खरी परीक्षा होते ती चाकणच्या कोंडीत. गाडी भरलेली, वेग नाही, रेडिएटरला वारा नाही आणि दर मिनिटाला क्लच-गिअर. किंवा परतीला खत, सिमेंट भरून तोच घाट चढताना.

इथे दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी धूर गाळणारा डीपीएफ असतो. ऑइल जळून जी राख उरते ती या गाळणीत साठते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एपीआय सीके-४ किंवा कंपनीने सांगितलेली दुसरी खूण असते. जुन्या गाड्यांचं सीआय-४ ऑइल जाडीने तेच, १५डब्ल्यू-४०, असू शकतं आणि तरीही या गाडीसाठी चुकीचं असतं. जाडी जुळली, अक्षरं चुकली, तर गाळणी लवकर तुंबते आणि तिचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट असतो.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरनाही १ जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन नियम आहेत. तेव्हा 'जुन्या ट्रॅक्टरला हेच टाकत होतो' हे नव्यासाठी कारण होऊ शकत नाही.

आणि टर्बो असेल तर एक जुनी सवय पुन्हा लावा. लांबचा चढ किंवा जोराचं काम संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू द्या. नाहीतर तापलेल्या टर्बोमध्ये अडकलेलं ऑइल जळून तिथेच कोळसा होतं. यावर कुठलीही जाडी चालत नाही.

दुचाकीवर दुधाचे कॅन नेणाऱ्यांसाठी एकच ओळ: गिअरच्या गाडीला डब्यावर जॅसो एमए किंवा एमए२ ही खूण हवी. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं उरलेलं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागू शकतो, मग ऑइल कितीही महागाचं असो.

जाडीपेक्षा मोठे तीन शत्रू

धूळ. फडातली, कच्च्या रस्त्यावरची माती म्हणजे बारीक वाळूच. ती इंजिनात गेली की लायनर आणि रिंग यांच्यात पॉलिश पेपरसारखी घासते. ज्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ एअर क्लीनर आहे, त्याच्या वाटीतलं ऑइल हंगामात वरचेवर पाहा. तळाला चिखल जमला की वाटी धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंत भरा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या पाइपाच्या क्लिपा हाताने हलवून पाहा. आमच्याकडे दोन मिनिटांचं हे काम झालं नाही आणि क्रँक गेली.

तास. कारचं ऑइल किलोमीटरवर बदलतात, ट्रॅक्टरचं तासांवर. अनेक पुस्तिकांत हा आकडा २५० तासांच्या आसपास असतो. आपला आपण पाहून घ्या. हंगामात दिवसाला बारा तास धरले तर अडीचशे तास तीन आठवड्यांत भरतात! आपण मात्र 'दिवाळीला बदललं, आता पाडव्याला' असा हिशेब धरतो. त्यात कारखान्यावर नंबर लागेपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन असतं. तिथे काम शून्य, पण काजळी आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरत राहतं आणि ऑइल पातळ करतं. जुन्या मेकॅनिकल मीटरमध्ये तास फेऱ्यांवर मोजले जातात. त्यामुळे इंजिन संथ चालू असताना घड्याळात एक तास जातो आणि मीटरवर त्याहून कमी दिसतो. रांगेत थांबणार असाल तर इंजिन बंद करा. ऑइल वाचेल, डिझेलही वाचेल.

सुटं ऑइल. पिंपातून मापाने मिळणाऱ्या ऑइलला ना ग्रेडची खात्री ना अक्षरांची. मोजून-मापून पंधरा-चाळीस निवडायचं आणि पिंपात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, अशी गत. सीलबंद डबा घ्या, बिल घ्या. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापून टाका. अखंड डबे नकली ऑइल भरायला वापरले जातात.

माझं म्हणणं

दोष फक्त शेतकऱ्याचा आणि मिस्त्रीचा, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तात्यांच्या ट्रॅक्टरची पुस्तिका मी शोधली तेव्हा ती कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली होती. ती इंग्रजीत होती. ऑइलचा तक्ता मधल्या कुठल्यातरी पानावर बारीक अक्षरांत. ज्याने ती वाचायची त्याला ती वाचता यावी, अशी कुणाची इच्छाच दिसत नव्हती.

मला तीन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं.

एक, ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांच्या कंपन्यांनी ऑइलचा ग्रेड, खूण आणि बदलायचे तास हे तिन्ही मराठीत, ऑइल भरायच्या झाकणाजवळ ठळक स्टिकरवर लावावेत. बॉनेट उघडलं की दिसलं पाहिजे.

दोन, साखर कारखाने हंगामाआधी ऊस वाहतुकीचे करार करतात. निमगाव साव्याच्या परिसरातला ऊस विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याकडे जातो. कराराच्या वेळी एक पानाची तपासणी यादी दिली, रेडिएटर, एअर फिल्टर, ऑइलचे तास, तर वाहतूकदाराचा फायदा आहे आणि कारखान्याचाही. बंद पडलेला ट्रॅक्टर म्हणजे फडात वाळणारा ऊस. वाळला की वजन घटतं, उताराही घटतो.

तीन, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था माती परीक्षणाचं महत्त्व गावोगाव पटवून देतात. तसंच हंगामाआधी एखादा दिवस इंजिनासाठी ठेवता येईल. गावातले मिस्त्री त्यात शिकणारे म्हणून नाही, शिकवणारे म्हणूनही हवेत. त्यांच्या कानाला ठोका कळतो, आपल्याला तक्ता कळतो. दोन्ही एकत्र आले तर बिलं कमी होतील.

जाता जाता काढलेल्या ऑइलबद्दल. काळं ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावणं किंवा बांधावर ओतणं सर्रास चालतं. कायद्याने हा घातक कचरा आहे. २०१६ चे घातक कचरा नियम त्याला लागू होतात आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल परत गोळा करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही आली आहे. डब्यात साठवा, नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजला द्या. बांधावर ओतलेलं ऑइल झिरपत शेवटी आपल्याच विहिरीत उतरतं.

थोडक्यात: ऑइल घेण्याआधी हे विचारा

- पुस्तिकेत कोणता ग्रेड आहे? तापमानाचा तक्ता आहे का? निवड त्या तक्त्याच्या आतच करा.
- डब्यावर जाडीसोबत योग्य अक्षरं आहेत का? बीएस-६ डिझेलला कमी राखेचं, गिअरच्या दुचाकीला जॅसो एमए किंवा एमए२.
- शेवटचं ऑइल किती तासांपूर्वी बदललं? मीटर पाहून ऑइलच्या डब्यावर नाही, बॉनेटच्या आत मार्करने लिहून ठेवा.
- रेडिएटरची जाळी स्वच्छ आहे का? एअर फिल्टरच्या क्लिपा घट्ट आहेत का?
- तापल्यावर प्रेशरचा काटा खाली येतोय का? मग आधी कारण शोधा, ऑइल नंतर बदला.
- डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली, किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर गाडी तशीच पळवू नका. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय.

तात्यांच्या ट्रॅक्टरमध्ये आता पुन्हा पंधरा-चाळीस आहे. बॉनेटच्या आत पांढऱ्या मार्करने तास लिहिलेत आणि रोज संध्याकाळी रेडिएटरच्या जाळीवर हवा मारली जाते. मध्यंतरी शेजारच्या एकाने त्यांना विचारलं, "ऊस सुरू होईल आता, कोणतं ऑइल टाकू?" तात्या म्हणाले, "आधी पुस्तक आण. आणि पोराला फोन कर, पण तो घाईत नसेल तेव्हा."